गिझर बदलण्याआधी आपलं पाणी पाहा

दर्यापूर तालुक्यात माझ्या मावशीचं घर आहे. दोन हिवाळ्यांमागे पहिली थंडी पडली आणि तिच्या न्हाणीतला गिझर गळायला लागला. १५ लिटरचा, चांगल्या किमतीचा गिझर, अजून तीन वर्षंही झाली नव्हती. गावातल्या मेकॅनिकनं खालचं झाकण खोललं, तर घमेल्यात करड्या-पांढऱ्या खपल्यांचा ढीगच पडला. हातात घेतल्या की त्या अंड्याच्या टरफलासारख्या चुरायच्या. कॉइलवर एवढा थर चढला होता की मूळचा धातू दिसतच नव्हता. "टाकीच गेली बाप्पा, नवीनच घ्या लागते," तो म्हणाला. मावशी लगेच दुकानात फोन लावायला निघाली. मी म्हटलं, थांब. ही टाकी कशानं गेली ते आधी पाहू, नाहीतर नवीही याच वाटेनं जाईल.

आधी एक साधी गोष्ट. गिझर बंद पडला म्हणजे तो बदलायलाच हवा, असं नाही. पाणी तापतच नसेल तर बहुतेकदा कॉइल किंवा थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला वीज बंद करणारा भाग, गेलेला असतो. दोन्ही सुटे मिळतात आणि मजुरी धरून साधारण हजार-दीड हजारात काम होतं. पाइपाच्या जोडातून किंवा खालच्या झाकणापाशी ठिबकत असेल तर रबरी गॅस्केट बदलून भागतं. आतली टाकी सडून बाहेरच्या कवचातून पाणी झिरपत असेल, तर मात्र दुरुस्तीत पैसे घालू नयेत. मावशीची टाकी याच प्रकारात गेली होती.

तिचं घर खारपाणपट्ट्यात आहे. पूर्णा नदीच्या गाळाच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या मोठ्या भागात जमिनीखालचं पाणी खारट आहे. अशा पाण्यात गिझरवर दोन बाजूंनी मार बसतो.

पहिला मार थराचा. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी तापलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरलेलं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच, कॉइलवर बसतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची, म्हणजे पाणी जड करणाऱ्या अशा क्षारांची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. ६०० चं पाणी रोज ५० लिटर तापवलं, तर चार महिन्यांत ६,००० लिटर पाणी गिझरमधून जातं. त्यात साडेतीन किलोंहून जास्त क्षार असतात. सगळे काही आत बसत नाहीत, पण दहावा हिस्सा धरला तरी एका हिवाळ्यात पाव किलोच्या वर झाले.

थरामुळे वीजबिल खूप वाढतं, असं सर्रास म्हणतात. विजेच्या गिझरपुरतं ते फारसं खरं नाही. कॉइल पाण्यात बुडालेली असते, त्यामुळे तिची उष्णता उशिरा का होईना, पाण्यातच जाते. त्रास वेगळाच होतो: थराआड उष्णता कोंडते, कॉइल आतल्या आत प्रमाणाबाहेर तापते आणि जळते. बंबाचं तसं नाही. तिथे थर बसला की पऱ्हाट्या-तुराट्यांची आच धुरावाटे निघून जाते आणि सरपण खरोखर जास्त लागतं.

दुसरा मार गंजाचा. पोलादी टाकीला आतून काचेसारखा मुलामा दिलेला असतो, पण त्यात सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतातच. तिथे पोलाद उघडं पडतं. म्हणून टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी बसवतात. तिला मेकॅनिक लोक अ‍ॅनोड रॉड म्हणतात. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा लवकर विरघळतं, त्यामुळे कांडी झिजते आणि टाकी वाचते. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून तिथे कांडी भराभर संपते. ती संपली की गंज टाकीला धरतो. मावशीच्या गिझरमधून कांडी काढली तर मधली लोखंडी तार तेवढी उरली होती. तीन वर्षांत तिच्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं आणि ती पाहायची असते, हेही कोणी सांगितलं नव्हतं. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. साडेतीनशे-चारशेच्या कांडीपायी आठ हजारांची टाकी गेली.

तेव्हा दुकानात जाण्याआधी पाणी तपासून घ्या. डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही, ही घरातली खूण आहेच. पण जलजीवन मिशनमध्ये अनेक ग्रामपंचायतींना पाणी तपासायच्या पेट्या मिळाल्या आहेत, गावातल्या बायकांना त्या वापरायचं शिक्षणही दिलं आहे. कठीणपणा आणि क्लोराइड, म्हणजे मिठातला खारा घटक, दोन्ही त्यात कळतात. क्लोराइड जास्त निघालं तर साध्या स्टेनलेस स्टीलच्या टाकीच्या मागे लागू नका. क्लोराइडनं स्टीललाही बारीक खड्डे पडतात. काचेचा मुलामा आणि जाड कांडी असलेली टाकी घ्या, कॉइलवरही मुलामा असेल तर उत्तम. वॉरंटीचं कार्ड दुकानातच वाचा, क्षारानं झालेलं नुकसान बऱ्याच कार्डांत वगळलेलं असतं.

आता खर्च. १५ लिटरचा गिझर साधारण सहा ते बारा हजारांत येतो. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला ०.७ युनिट वीज लागते. पाच माणसांच्या घरात प्रत्येकाला १० लिटर कडक पाणी धरलं, ते बादलीत गार पाण्यात मिसळतोच, तर रोज सव्वादोन-अडीच युनिट होतात. आपल्याकडे हे नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढंच. मे महिन्यात छतावरच्या टाकीचं पाणीच हाताला चटका देतं! म्हणजे वर्षाला २८० युनिटांच्या आसपास, युनिटला ८ रुपये धरले तर सव्वादोन हजार. फक्त वीजदराच्या स्लॅबवर, म्हणजे टप्प्यावर, लक्ष ठेवा: महिन्याला १०० युनिटांच्या आत असलेलं घर गिझरमुळे वरच्या दरात जाऊ शकतं.

स्टार रेटिंग मोजतं ते तापलेलं पाणी टाकीत उभं असताना किती उष्णता सुटून जाते ते. दिवसभर गिझर चालू ठेवणाऱ्या घरात त्याचा उपयोग मोठा. आपण आंघोळीआधी अर्धा तास लावून बंद करतो, तेव्हा मी तरी तो फरकाचा पैसा चांगल्या टाकीत घालीन.

संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तेव्हा गिझर बिघडला असं वाटतं. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणात घटते. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले की २,००० वॅटचा गिझर १,२०० वॅटच्या थोडाच वर चालतो आणि २१ मिनिटांचं काम ३४ मिनिटांवर जातं. युनिट मात्र तेवढेच.

सोलरचं लोक हटकून विचारतात. १०० लिटरचं सोलर वीस-बावीस हजारांपर्यंत जातं. वर्षाकाठी सव्वादोन हजार वाचणार असतील तर फिटायला दहा वर्षं लागतील. घरी दुधाचा धंदा असेल आणि बाराही महिने भांड्यांना गरम पाणी लागत असेल, तर हिशेब पार बदलतो. गॅस गिझर न्हाणीच्या आत कधीही लावू नका. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो आणि माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो.

एका खर्चात मात्र मी कधीच कपात करणार नाही: अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि नावालाच अर्थिंग उरतं. हिवाळ्याआधी त्या खड्ड्यात पाणी घाला आणि वायरमनकडून तपासून घ्या. शिवाय भरलेला गिझर वीस किलोंच्या वर जातो, मातीच्या भिंतीत साधा खिळा त्याला पुरणार नाही.

मावशीनं नवा गिझर घेतला, थर्मोस्टॅट ५५ च्या खाली ठेवला, कारण पाणी जितकं जास्त तापेल तितका थर जास्त बसतो. आठ महिने बंद राहिल्यावर पहिल्यांदा लावायच्या आधी गरम पाण्याचा नळ काही मिनिटं सोडायचा, हेही ती आता विसरत नाही. कांडी झिजताना हायड्रोजन तयार होतो, बंद टाकीत तो साचतो, म्हणून त्या वेळी जवळपास आगकाडी ओढायची नाही. यंदा दसऱ्याला मेकॅनिकनं झाकण खोललं. अंगठ्याएवढी कांडी करंगळीहून बारीक झाली होती, टाकी मात्र आतून शाबूत होती. नवी कांडी चारशेला मिळाली. बसवायला पाऊण तास लागला.