‘सीनियरची जर्नलं लिहून देणं म्हणजे रॅगिंग नव्हे’? साफ चूक

होस्टेलला मुलगा सोडताना हमखास कानावर येतं: ‘सीनियरच्या खोलीत जागा मिळाली तर बरं, सांभाळून घेतील. थोडी कामं सांगतातच. मारहाण झाली तरच ते रॅगिंग.’

हे खरं नाही. यूजीसीच्या 2009 च्या नियमावलीत ज्युनियरकडून स्वतःचं अभ्यासाचं काम करून घेणं आणि त्याला जबरदस्तीने खर्चात पाडणं, दोन्ही रॅगिंगच आहे. रात्री एक वाजता डोळे चोळत दुसऱ्याच्या जर्नलमध्ये आकृत्या काढणारा पोरगा ‘रुळत’ नसतो, त्याची सकाळची प्रॅक्टिकल बुडत असते. आणि दर महिन्याला मेसच्या पैशांतून सगळ्यांचा चहा-वडापाव? तेही त्यातच.

खोलीचं म्हणाल तर याच नियमांनुसार नव्या मुलांची सोय शक्यतो वेगळ्या इमारतीत करायची असते. तेव्हा खोलीवाटपाच्या वेळी रेक्टरांना हे बिनदिक्कत विचारा.

महाराष्ट्रात तर 1999 पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. तक्रार आली की संस्थाप्रमुखांनी सात दिवसांत चौकशी करायची असते. हेल्पलाइन 1800-180-5522, चोवीस तास.