रॉ डेनिम जीन्सची निगा

विणून झाल्यावर एकदाही न धुतलेल्या कोऱ्या डेनिमला रॉ डेनिम म्हणतात. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक जीन्स शिवून झाल्यावर कारखान्यात दगड, एन्झाइम किंवा रसायने वापरून धुतलेल्या असतात, म्हणून त्या पहिल्या दिवसापासून मऊ लागतात. या धुलाईला पाणी अफाट लागते. उल्हासनगरच्या जीन्स धुलाई कारखान्यांचे निळे सांडपाणी वालधुनी नदीत किती गेले, हे त्या भागात राहणाऱ्यांना सांगावे लागत नाही. रॉ डेनिम ही पायरी गाळते. खळीमुळे ती जीन्स कडक आणि काळपट निळी असते, आणि सुरुवातीचे काही आठवडे गुडघ्यामागे काचते. नंतर ती वापरणाऱ्याच्या अंगाप्रमाणे बसते आणि त्याच्या हालचालींप्रमाणे विटते. तिची निगा हा स्वतंत्र विषय झाला तो यामुळेच.

डेनिमची वीण तिरकी असते. ताण्याचे (उभे) धागे निळीत रंगवलेले आणि बाण्याचे (आडवे) पांढरे असतात. नीळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून कुंडात क्षपण या रासायनिक क्रियेने तिला विरघळणारे रूप देतात. धागे त्यात बुडवून वर काढले की हवेतल्या प्राणवायूमुळे ती पुन्हा निळी होऊन धाग्यावर बसते. अशा अनेक बुड्या दिल्या तरी रंग धाग्याच्या बाहेरच्या थरातच राहतो आणि गाभा पांढरा उरतो. पुढे जिथे घासले जाते तिथे हा गाभा उघडा पडतो. मांडीच्या वरच्या बाजूला आडव्या रेषा उमटतात, गुडघ्यामागे मधाच्या पोळ्यासारखी जाळी तयार होते, खिशावर पाकिटाची चौकट दिसू लागते.

अमेरिकेतील व्यापारी लिव्हाय स्ट्रॉस आणि शिंपी जेकब डेव्हिस यांना शिवणीला बळकटी देणाऱ्या तांब्याच्या रिव्हेटचे पेटंट 20 मे 1873 रोजी मिळाले, तेव्हा सगळ्याच जीन्स रॉ होत्या. धुतलेल्या जीन्सची लाट आल्यावर ही जात मागे पडली. तिला पुन्हा मान मिळवून दिला जपानने, विशेषतः ओकायामा प्रांतातील कोजिमा आणि ओसाका येथील उत्पादकांनी. जुन्या धोट्याच्या मागावर विणलेले, दोन्ही कडांना पक्का काठ असलेले कापड त्यांनी आवडीने वापरले. अमेरिकेत असे कापड विणणारी ग्रीन्सबरो येथील व्हाइट ओक गिरणी 1905 मध्ये सुरू झाली आणि 2017 च्या अखेरीस बंद पडली.

नवी जीन्स घेताना आधी विचारायचे ते कापड सॅन्फोराइज्ड आहे का. या प्रक्रियेत कापड आधीच आटवून घेतात, त्यामुळे पुढे ते 1 ते 3 टक्केच आटते. प्रक्रिया न झालेले कापड 10 टक्क्यांपर्यंत आटू शकते. अशी जीन्स घालण्यापूर्वी गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवून सावलीत वाळवावी आणि पायांची लांबी त्यानंतरच कापावी. उलट क्रमाने केल्यास पाय घोट्यावर चढतात आणि त्यावर उपाय नसतो.

खरा वाद धुण्याचा आहे. ‘सहा महिने पाणी लावू नका’ हा सल्ला सर्रास दिला जातो. लिव्हाय स्ट्रॉस कंपनीचे तेव्हाचे प्रमुख चिप बर्ग यांनी 2014 मध्ये आपली जीन्स वर्षभर धुतलेली नाही असे जाहीरपणे सांगितले, तेव्हा या समजाला आणखी बळ मिळाले. त्याआधी कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात एका विद्यार्थ्याने 15 महिने न धुता वापरलेली जीन्स तपासली गेली. तीच जीन्स धुऊन 13 दिवस वापरल्यावर पुन्हा तपासली, तेव्हा जिवाणू जवळपास तितकेच निघाले. मात्र हा निष्कर्ष जिवाणूंपुरता आहे, कापडाच्या ताकदीविषयी तो काही सांगत नाही. शिवाय ते विद्यापीठ जिथे आहे त्या एडमंटन शहराच्या थंड, कोरड्या हवेतला अनुभव मे महिन्यातल्या दादर लोकलला लागू होत नाही. जीन्स फ्रीजरमध्ये ठेवल्याने जंतू मरतात, हाही गैरसमज आहे. बहुतेक जिवाणू गारठ्यात नुसते निपचित पडतात आणि अंगाच्या उबेने पुन्हा वाढू लागतात.

उशिरा धुतल्याने रंगाचा उठाव वाढतो, आयुष्य वाढत नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे कितीतरी चांगल्या जीन्स जांघेत फाटल्या आहेत. घाम आणि अंगाचे तेल धाग्यात मुरते, त्यात धुळीचे बारीक कण अडकतात, आणि चालताना तेच कण सूत कापत राहतात. म्हणून वास आला, कापड चिकट लागू लागले किंवा डाग पडला, की जीन्स धुवावी. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत ही वेळ लवकर येते.

धुताना जीन्स उलटी करून बटणे लावावीत. बादलीत गार किंवा कोमट पाणी घेऊन त्यात सौम्य द्रव साबण थोडासाच घालावा. ब्लीच आणि कपडे झळकवणारी पावडर वापरू नये. जीन्स अर्धा तास भिजवून हाताने दाबत फिरवावी, ब्रशने घासू नये. मग साबण पूर्ण जाईपर्यंत खळबळावी, न पिळता निथळू द्यावी आणि कमरेच्या पट्टीला चिमटे लावून सावलीत टांगावी. मशिनच्या जोरदार फिरकीने कडक कापडाला घड्या पडतात आणि त्या घडीवर पांढरे चरे कायमचे उमटतात. पहिल्या काही धुलाईंत पाणी शाईसारखे निघते, त्यामुळे इतर कपडे वेगळे ठेवावेत. तोवर पांढरे बूट आणि फिक्या रंगाचा सोफाही सांभाळावा, कारण रंग नुसत्या घासण्यानेही लागतो.

दुरुस्तीची वेळ भोक पडण्याच्या आधीची असते. दर धुण्यानंतर जांघेचा भाग उजेडासमोर धरून पाहावा. निळे ताणे विरले असतील तर बाण्याचे पांढरे धागे शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे दिसतात आणि बोटाला लव लागते. या अवस्थेत आतून पातळ सुती तुकडा लावून, ताण्याच्या दिशेने जवळजवळ टाके घातले की काम भागते. तुकडा विरलेल्या भागापेक्षा चारही बाजूंनी मोठा घ्यावा, म्हणजे टाके धडक्या कापडात बसतात. जाड, कडक तुकडा लावू नये. त्याच्या कडेला जुने कापड पुन्हा फाटते. खिशांचे कोपरे, पट्ट्याचे लूप आणि जमिनीला घासणारी तळाची शिवण हीदेखील लवकर झिजणारी ठिकाणे आहेत. पावसाळ्यात ओलसर जीन्स कपाटात ठेवल्यास बुरशी धरते, म्हणून ती पंख्याखाली पूर्ण सुकवावी. कमरपट्टी आणि खिशांचे अस्तर सगळ्यात शेवटी वाळते.