मनाली, लाहौल, स्पिती स्वतःच्या गाडीने: परमिट कुठे लागतं, कुठे नाही आणि कागदपत्रं कोणती

एप्रिल उजाडला की दर वर्षी हेच सुरू होतं, "मनालीला गाडी घेऊन चाललोय, परमिट काढावं लागतं ना?" आणि उत्तरं देणारे पण असे की एक म्हणतो सगळ्यांना लागतं, दुसरा म्हणतो अटल टनेल (रोहतांगच्या डोंगराखालून लाहौलला जाणारा बोगदा) झाल्यापासून काहीच लागत नाही, आणि तिसरा थेट एजंटचा नंबर पाठवून देतो. दोघांचंही अर्धं खरं आहे, तिसऱ्याचं सोडून द्या. भारतीय माणसाला मनालीसाठी परमिट नाही, लाहौलसाठी नाही, स्पितीसाठी पण नाही. परमिट आहे ते एका रस्त्याचं, म्हणजे मनालीहून गुलाबा, मढी करत जुन्या घाटाने रोहतांग पासवर चढतो त्या रस्त्याचं. तुमची गाडी त्या रस्त्यावर जाणार असेल तर लागतं, नसेल तर नाही. म्हणून आधी रस्ता ठरवा आणि मग फॉर्म उघडा, उलटं केलं की मनस्ताप.

हे परमिट आलं कुठून ते थोडक्यात सांगतो कारण त्यावरून बाकीचे नियम आपोआप कळतात. रोहतांग ३,९७८ मीटरवर आहे, सीझनला तिथे गाड्यांची इतकी गर्दी व्हायची की धुराची काजळी बर्फावर बसायला लागली, म्हणून राष्ट्रीय हरित लवादाने गाड्यांवर मर्यादा घातली. दिवसाला १,२०० टुरिस्ट गाड्या, त्यात ८०० पेट्रोल आणि ४०० डिझेल. म्हणजे हे परमिट माणसांचं नाही, गाडीचं आहे, आणि तेसुद्धा एका दिवसाचं. गाडीत आजी बसली काय आणि चार मित्र बसले काय, माणशी वेगळं काही काढायचं नसतं, फक्त किती जण आहेत ते फॉर्ममध्ये लिहायचं. डिझेलवाल्यांचा कोटा निम्मा आहे हे मात्र लक्षात ठेवा, आपल्याकडून डिझेल एसयूव्ही घेऊन जाणारेच जास्त आणि मे-जूनमध्ये डिझेलचा कोटा आधी संपतो.

पात्रता म्हणाल तर गाडी १० वर्षांपेक्षा जुनी नको, पीयूसी चालू हवी आणि चालवणाऱ्याकडे लायसन्स हवं. गाडी तुमच्याच नावावर पाहिजे असं काही नाही. बाबांच्या नावावरची गाडी घेऊन मुलगा गेला तरी चालतं कारण फॉर्ममध्ये गाडीची माहिती वेगळी आणि ड्रायव्हरची वेगळी भरायची असते. तरी पण गाडी कंपनीची असेल तर लेटरहेडवर एक पत्र घेऊन ठेवा आणि मित्राची असेल तर साधं संमतीपत्र, परमिटसाठी नाही तर दोन हजार किलोमीटरच्या रस्त्यात कुठेतरी कोणीतरी विचारणारच म्हणून.

आता प्रत्यक्ष अर्ज. कुल्लू जिल्हा प्रशासनाची साइट आहे, रोहतांगपरमिट्स डॉट एनआयसी डॉट इन, सगळं तिथेच होतं, कुठल्याही ऑफिसला जायची गरज नाही. साइटवर दोन प्रकार दिसतात आणि इथेच लोक गोंधळतात. एक आहे रोहतांग पासपर्यंत जाऊन परत यायचं, आणि दुसरा आहे रोहतांग ओलांडून पुढे लाहौल, स्पिती किंवा लेहकडे जायचं. वर सांगितलेला १,२०० चा कोटा पहिल्यासाठी आहे. आता पुढे जाणारे बहुतेक सगळे टनेलनेच जातात त्यामुळे दुसऱ्या प्रकाराचं काम फक्त त्यांना जे मुद्दाम घाट चढून पलीकडे कोक्सरला उतरणार आहेत (आणि खरं सांगतो, गाडी चालवायची आवड असेल तर एकदा तरी तसं जाच, टनेलमध्ये बघायला काय आहे).

प्रकार निवडला की मोबाइल नंबर, त्यावर ओटीपी, मग तारीख, गाडीचा नंबर, पेट्रोल की डिझेल, ड्रायव्हरचं नाव आणि ओळखपत्र, पीयूसीची माहिती, असं सगळं एकामागून एक येतं. नंबर आरसीवर आहे तसाच टाका, एमएच १२ नंतरच्या अक्षरांमध्ये इंग्रजी ओ आणि शून्य यांची अदलाबदल झाली की गुलाब्याला परमिट तपासतात त्या बॅरिअरवर घोळ होतो. आरसीचं जुनं स्मार्ट कार्ड असेल तर आणखी एक भानगड, पाकिटात घासून घासून त्यावरची छपाई इतकी पुसट होते की फोटोत काहीच दिसत नाही. त्यापेक्षा डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधून आरसीची पीडीएफ घ्या, ती स्वच्छ असते. घरूनच एक फोल्डर करून ठेवा, आरसी, पीयूसी, लायसन्स, आधार आणि इन्शुरन्स, फाइल्स साइझने लहान करून, म्हणजे मनालीच्या हॉटेलच्या डळमळीत वायफायवर अपलोड करत बसायला नको.

पीयूसीची तारीख नक्की बघा. नवीन गाड्यांची वर्षभराची असते, जुन्या गाड्यांची सहा महिन्यांची, आणि नेमकी ट्रिपच्या मधल्या आठवड्यात संपते. निघायच्या आधी आपल्याच पंपावर काढून घ्या, दहा मिनिटांचं काम.

पैसे किती? ५०० रुपये परमिटचे आणि ५० रुपये कंजेशन चार्ज (गर्दीचा आकार), मिळून ५५०, ऑनलाइन भरायचे. एजंट जास्त मागत असेल तर तो त्याचा मेहनताना, सरकारी फी नाही. परमिट महिनाभर आधी मिळत नाही, तारखेच्या थोडेच दिवस आधी बुकिंग उघडतं, त्यामुळे पुण्यात बसून मार्चमध्ये मेचं परमिट काढायचा प्रयत्न करू नका. मनालीला पोचायच्या एक-दोन दिवस आधी, साधारण चंदीगढच्या मुक्कामात, हे काम करायचं. आणि शनिवार-रविवार टाळा, त्या दिवशी दिल्ली, पंजाब, हरियाणाच्या गाड्या असतात, कोटा उघडतो आणि बघता बघता संपतो. बुधवार-गुरुवार बरे. मंगळवारी रोहतांग टुरिस्ट गाड्यांसाठी बंद असतो, रस्त्याची देखभाल असते, त्यामुळे ज्यांचा पूर्ण प्लॅन मंगळवारी मनालीत येतो त्यांनी आधीच एक दिवस सरकवावा.

परमिट आलं की प्रिंट काढा. फोनमधलं पण दाखवता येतं पण गुलाब्याला सकाळी गाड्यांची रांग लागलेली असते, काच खाली करून फोन शोधायचा, नेटवर्क नाही, पीडीएफ ड्राइव्हवर आणि ड्राइव्ह उघडत नाही, मागून हॉर्न सुरू. कागद असला की स्कॅन केला, गाडीचा नंबर बघितला, चला पुढे. तारीख गेली की परमिट गेलं, त्याच कागदावर दुसऱ्या दिवशी सोडत नाहीत. मनालीहून रोहतांग ५१ किलोमीटर आहे, अंतर बघून कोणी निवांत नाश्ता करून निघाला तर वरच्या वळणांवर अडकून दुपार होते, त्यामुळे उजाडताना निघालेलं उत्तम. घाट साधारण मे ते नोव्हेंबर उघडा असतो पण दर वर्षी बर्फावर अवलंबून, निघायच्या आदल्या दिवशी हॉटेलवाल्याला विचारा.

स्वतःची गाडी नसेल आणि मनालीतूनच टॅक्सी करणार असाल तर यातलं काहीच तुम्हाला करायचं नाही, परमिट टॅक्सीवाला काढतो. फक्त ठरवताना स्पष्ट विचारा की रोहतांग टॉपला नेणार की "स्नो पॉइंट"ला, कारण स्नो पॉइंट म्हणजे जिथे त्या दिवशी बर्फ असेल ती जागा, ती सोलांगला पण असू शकते आणि टनेलपलीकडे कोक्सरला पण.

आता टनेल. अटल टनेल ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला, लांबी ९.०२ किलोमीटर, सोलांगच्या पुढे धुंदीजवळ आत शिरायचं आणि लाहौलमध्ये बाहेर पडायचं. मनाली ते लेह अंतर यामुळे ४६ किलोमीटरने कमी झालं. याला परमिट नाही, फॉर्म नाही, मंगळवारची सुट्टी पण नाही. आत गाडी थांबवायची नाही, ओव्हरटेक करायचं नाही, खिडकीतून बाहेर लटकून रील करायचं नाही, सगळीकडे कॅमेरे आहेत आणि चलन घरी येतं. बाहेर पडलात की एकदम उघडी दरी, चंद्रा नदी, पलीकडे सिस्सूचा धबधबा. बर्फ फार झालं की प्रशासन टुरिस्ट गाड्या अडवतं, तेवढं सोडलं तर हा रस्ता सगळ्यांना मोकळा. हां, मनालीत शिरताना बाहेरच्या राज्याच्या गाडीला ग्रीन टॅक्स भरावा लागतो आणि हिमाचलच्या हद्दीवर एंट्री टॅक्स, पण ते नुसते टोलसारखे, पावती घ्या आणि जपून ठेवा. टेम्पो ट्रॅव्हलर किंवा टॅक्सी करून जाणाऱ्या ग्रुपने गाडीत कचऱ्याचा डबा आहे का बघा, हिमाचलमध्ये २०२५ पासून प्रवासी गाड्यांना तो सक्तीचा आहे आणि नसला तर दंड भारी आहे.

स्पितीसाठी इनरलाइन परमिट (सीमेजवळच्या भागात जायची सरकारी परवानगी) लागतं असं अजून खूप जण ठामपणे सांगतात. भारतीयांना लागत नाही. शिमला, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो करत स्पितीचं मुख्य गाव काझाला जा किंवा मनालीहून कुंझुम पास ओलांडून जा, कुठेही परमिट नाही. चेकपोस्टवर नोंद मात्र होते, कोक्सरला पोलीस गाडीचा नंबर, नाव, किती जण, कुठे जाणार हे लिहून घेतात. कंटाळा करू नका, ही नोंद तुमच्याच कामाची आहे, २०२३ च्या जुलैमध्ये कुंझुमजवळच्या चंद्रताल तळ्याच्या कॅम्पवर बर्फात अडीचशेच्या वर माणसं अडकली होती आणि प्रशासनाने रस्ता उघडून त्यांना बाहेर काढलं. अशा वेळी कोण कुठे गेलंय हे कुठेतरी लिहिलेलं असावं लागतं. मुलांसकट प्रत्येकाचं आधार जवळ ठेवा, होमस्टेवाले पण मागतात. चंद्रताल अभयारण्य आहे, तळ्याच्या काठावर तंबू ठोकायला बंदी आहे, कॅम्प अलीकडे लांब आहेत, गाडी पार्किंगपर्यंत आणि तिथून चालत.

मला विचाराल तर स्पिती शिमल्याच्या बाजूने चढावी. रस्ता लांब पडतो पण उंची हळूहळू वाढते, शरीराला सवय होते, आणि शेवटी कुंझुम उतरून मनालीला येता. मनालीहून सरळ काझा गाठायला गेलात की ४,५०० मीटरच्या वरचा पास एका दिवसात आणि संध्याकाळी सगळी गाडी डोकं धरून बसलेली. शिवाय कुंझुम साधारण जूनमध्ये उघडतो आणि ऑक्टोबरनंतर भरवसा नाही, शिमल्याचा रस्ता त्यामानाने बराच जास्त काळ चालू असतो.

पेट्रोलचं गणित पण परमिटइतकंच महत्त्वाचं आहे. टनेलमधून बाहेर पडल्यावर डावीकडे गेलात तर केलाँगकडे जाताना तांदीला पंप आहे, तिथे तो प्रसिद्ध बोर्ड लागायचा की पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, लेहला जाणारे तिथे टाकी तुडुंब भरतात. पण स्पितीवाले उजवीकडे वळतात, कोक्सर, ग्राम्फू, बातल, आणि त्या बाजूला काझापर्यंत पंपच नाही. म्हणून मनालीतच टाकी फुल करा.

लेहला पुढे जाणार असाल तर मनाली-लेह मेन रोडसाठी परमिट नाही, पण नुब्रा, पँगाँग, त्सो मोरिरीसाठी लडाखची वेगळी ऑनलाइन साइट आहे, तिथे पर्यावरण फी वगैरे भरून कागद काढावा लागतो, त्याच्या तीन-चार झेरॉक्स घ्या कारण प्रत्येक चेकपोस्टवर एक ठेवून घेतात.

राहिला परदेशी पासपोर्टचा मुद्दा, आणि हा आपल्याकडे खूप घरांत येतो, अमेरिकेतला भाऊ, त्याची इकडे सुट्टीला आलेली मुलं, सगळे मराठी बोलतात, सगळ्यांकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते), मग यांना कशाला परमिट? लागतं. ओसीआय असलं तरी पासपोर्ट परदेशी आहे, आणि संरक्षित भागाच्या परवानगीतून ओसीआयवाल्यांना सूट नाही. किन्नौरहून स्पितीकडे जाताना रेकाँग पिओच्या पुढचा, तिबेट हद्दीजवळचा पट्टा त्यात येतो. मनालीहून काझापर्यंत येऊन त्याच रस्त्याने परत गेलं तर गरज पडत नाही, पण काझाहून ताबोच्या पुढे सुमदो, नाको करत शिमल्याकडे उतरायचं असेल तर लागतं. हे परमिट शिमला, रेकाँग पिओ किंवा काझाला प्रशासनाच्या ऑफिसात मिळतं, अर्ज, पासपोर्ट आणि व्हिसा किंवा ओसीआयची झेरॉक्स, फोटो, आणि ज्याचं परमिट तो माणूस स्वतः हजर. लहान मुलांचं पण वेगळं. सरकारी ऑफिस आहे, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी बंद, म्हणून शनिवारी संध्याकाळी पिओला पोचाल असा प्लॅन करू नका, सोमवार उजाडेपर्यंत बाकीच्यांनी कल्प्यात सफरचंदाच्या बागा बघत बसायची तयारी ठेवावी.