गावचा वाद कचेरीत कसा गेला

गोव्यात उत्सवाच्या मानावरून महाजनांत, म्हणजे देवस्थानच्या वंशपरंपरागत सभासदांत, दोन तट पडले आणि देवळाबाहेर पोलीस उभे राहिले, अशा बातम्या अधूनमधून येतात. माणसे हल्ली हट्टी झाली, असे त्यावर सगळे म्हणतात. मला ते पटत नाही.

१५२६ साली अफोन्सो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने गावकरीच्या, म्हणजे गावाची जमीन आणि कारभार एकत्र पाहणाऱ्या जुन्या संस्थेच्या, रूढी 'फोराल' या सनदेत लिहून काढल्या. त्यात जमीन आणि सारा तर आहेच, पण विडा आधी कोणाला द्यायचा, कापणीला पहिला हात कोणी घालायचा, हेही आहे. मानापानाचे भांडण तेव्हाही इतके पेटत असणार, की ते कागदावर आणावे लागले. गावकरीत मत वांगडाचे, म्हणजे घराण्याचे असे. एखाद्याने 'नकार' दिला की ठराव अडायचा. मग त्याची समजूत काढण्यावाचून गत्यंतर नसे. ठरले की कुळकर्णी वहीत उतरवी. मिटत नसेल तर देवाला कौल. मूर्तीला लावलेली पाकळी पडली की निकाल लागला. शेजाऱ्यापुढे मान तुकवावी लागत नसे. बायकांना आणि शेतात राबणाऱ्यांना मात्र त्या बैठकीत जागा नव्हती, हे विसरून चालणार नाही.

पुढे देवस्थाने १८८६ आणि १९३३ च्या कायद्यांखाली सरकारी देखरेखीत आली. समित्या बहुमताने निवडल्या जाऊ लागल्या. हरलेल्या गटाला समजावण्याची गरज उरली नाही आणि त्याला मामलेदाराची कचेरी मोकळी झाली. तिथे अर्ज निकालात निघतो, मनातली अढी तशीच राहते.

खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठी बांध घालून खारे पाणी अडवलेल्या जमिनीत, हे जास्त दुखते. बांध फुटला तर सगळ्यांचीच शेते खारी होतात, म्हणून पूर्वी एकमत टाळताच येत नसे. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर कोमुनिदादींची (गावकरीचेच पोर्तुगीज नाव) पकड सुटली आणि बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. मानशीवरच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावरच्या, मासळीची पावणी (लिलाव) होते. पावणी घेणाऱ्याला भरतीचे पाणी आत हवे, कारण त्याबरोबर सुंगटे, म्हणजे कोळंबी, येतात. भात करणाऱ्याला तेच पाणी बाहेर हवे. दोघेही एकाच वाड्यावरचे. दार कधी उघडायचे आणि कधी पाडायचे, हे पावणीच्या आधी दोघांना समोरासमोर बसवून, वहीत लिहून ठरवायला हवे. ते राहून जाते आणि पैसे भरल्यावर भांडण सुरू होते.