विळी कुठे मांडायची?

मुंबईत फ्लॅट बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, किती? घर असं चौरस फुटांत मोजायची सवय लागली ती प्लेगनंतर. 1896 मध्ये साथ आली, कोंदट वस्त्यांवर खापर फुटलं आणि 1898 मध्ये शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. उजेड, वारा, माणशी जागा ही सगळी सरकारी कलमं झाली.

1920 मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी, निघालं. बीडीडी चाळी त्याच्याच. वरळी, नायगाव, शिवडी, डिलाइल रोड. मजल्यावर मधल्या पॅसेजच्या दोन्ही अंगांना मिळून वीस खोल्या, खोली 160 चौरस फुटांची, संडास सामाईक. कागदावर एका बिऱ्हाडाची खोली. गिरणगावात मात्र कोकणातून, घाटावरून आलेले कितीतरी गडी एकेका खोलीत पाळीप्रमाणे झोपत. ट्रंक आत, माणूस बाहेर.

गिरगावातल्या खासगी चाळींत हा भार गॅलरीने उचलला. तांदूळ निवडणं, पोरांचा अभ्यास, पापड वाळवणं, रात्री गाद्या टाकणं, सगळं तिथेच. निम्मं घर खोलीबाहेर होतं आणि ते कुठल्याच मापात धरलेलं नव्हतं.

तीसच्या दशकात दादर-माटुंग्याला सेल्फ कंटेंड ब्लॉक आले, संडास घरात आला. चाळीच्या आठवणींनी गहिवरणारे सकाळची डबडं घेऊन लावलेली रांग सोयीने विसरतात, तेव्हा या सुखाला नावं ठेवायचं कारण नाही. पण दार लागलं आणि गॅलरीतली कामं आत आली. त्यांच्यासाठी जागा कुणी काढलीच नव्हती. त्यात चुलीपुढे पाटावर बसणारी बाई ओट्यापाशी उभी राहिली. विळी मात्र जमिनीवरच राहिली. आता ओटा आणि फ्रीज यांच्यामध्ये एक माणूस जेमतेम उभा राहतो. आमची आई हॉलमध्ये टीव्हीसमोर पेपर पसरून नारळ खवते.

उरली बाल्कनी. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने पैसे भरून ती बंदिस्त करायची मुभा दिली आणि बहुतेक बाल्कन्या हॉलच्या पोटात गेल्या. साड्या खिडकीच्या ग्रिलवर आल्या.

ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या बीडीडी रहिवाशांना टॉवरमधल्या पहिल्या किल्ल्या मिळाल्या. 160 च्या जागी 500 चौरस फूट, संडास घरात, लिफ्ट. सामानात विळ्याही गेल्या असतीलच.