लो-फ्लोअर बस

लो-फ्लोअर बस : दारात एकही पायरी नसलेली आणि व्हीलचेअरवर बसूनच आत जाता यावे इतका तळ खाली असलेली शहरी बस. २००८ च्या भारतीय शहरी बस-मानकांत तळाची उंची ४००, ६५० व ९०० मिमी. अशी सांगितली आहे. यांपैकी ४०० मिमी.चीच गाडी खऱ्या अर्थाने लो-फ्लोअर होय, ६५० मिमी.च्या गाडीला सेमी लो-फ्लोअर म्हणतात.

हिच्या उगमाबद्दल एकमत नाही. पहिलेपणाचा मान सामान्यतः जर्मनीतील निओप्लान कंपनीच्या १९७६ च्या सुमाराच्या गाडीला देतात. त्याआधीच अमेरिकेत ‘ट्रान्सबस’ ही सरकारी योजना सुरू झाली होती. तीत बसचा तळ २२ इंचांवर (सु. ५६० मिमी.) आणून पुढे रॅम्प (उतरती फळी) बसवायचा होता. १९७७ मध्ये अमेरिकेचे परिवहनमंत्री ब्रॉक अॅडम्स यांनी अशी बस सक्तीची केली. पण १९७९ मध्ये तीन शहरांनी मिळून काढलेल्या निविदेला एकाही कारखान्याने प्रतिसाद दिला नाही. तयार झालेली गाडी प्रमाण मानल्यास जर्मन दावा बळकट ठरतो. मात्र तळ खाली आणण्यामागचा हेतू पाहिला, तर ट्रान्सबसला वगळता येत नाही. जुलै १९७८ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे व्हीलचेअरवरील आंदोलकांनी भर चौकात बस अडवून धरल्या, त्या याच काळात. फ्रान्समध्ये ग्रनोबल शहराने १९८७ मध्ये अपंग संघटनांच्या आग्रहावरून लो-फ्लोअर ट्राम आणली.

ट्रकच्या चासीवर (सांगाड्यावर) बांधलेल्या जुन्या बसमध्ये तळाखाली अॅक्सल (चाकांचा आस) आणि चौकट येत असल्याने तळ उंच राहतो. लो-फ्लोअरमध्ये इंजिन मागे जाते आणि मागचा अॅक्सल मधोमध खाली वाकवलेला असतो. स्प्रिंगच्या पाट्यांऐवजी हवेच्या पिशव्या असतात. चालकाने बटण दाबले की दाराकडच्या पिशव्यांतील हवा सुटते आणि गाडी त्या बाजूला साधारण ७० मिमी. झुकते. मग वाहक दारातली घडीची फळी कडीला धरून उलटतो व पदपथावर टेकवतो. प्रवासी खुर्ची आत घेतो, खुर्चीची पाठ बसमधल्या टेकणीला लावतो आणि खुर्चीचा ब्रेक ओढतो. पदपथ १५० मिमी. उंच असेल, तर १८० मिमी. चढ उरतो, मीटरभर फळीवर हा उतार सु. १:५.५ होतो. तोच चालकाने गाडी रस्त्याच्या मध्यावर थांबवली, तर फळी डांबरावर पडते आणि उतार १:३ होतो. इमारतींतील रॅम्पसाठी मान्य प्रमाण १:१२ आहे. म्हणून थांब्याचा कट्टा व चालकाचे प्रशिक्षण हे या बसचेच भाग मानले पाहिजेत.

भारतात २००९ पासून जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेच्या साहाय्याने अशा बस आल्या. दिल्लीत पुढे हायड्रॉलिक लिफ्ट लावलेल्या उंच बसही घेण्यात आल्या. लिफ्टला वेळ लागतो, तिची निगा राखावी लागते आणि ती बिघडली की प्रवासी थांब्यावरच राहतो. या दृष्टीने खाली तळ असलेली गाडीच सरस ठरते. दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ४१ वाहतुकीच्या सुगम्यतेचे (दिव्यांगांना ती सहज वापरता येण्याचे) आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी या दृष्टिबाधित याचिकाकर्त्याच्या प्रकरणात सुगम्यतेची किमान मानके बंधनकारक करण्यास सांगितले.

ग्रामीण वाहतुकीत या बसचा शिरकाव नगण्य आहे. एस. टी. च्या साध्या गाडीला दारातच पायऱ्या असतात. प्रवाशाला दोघांनी उचलून आत न्यावे लागते आणि खुर्ची घडी करून वेगळी ठेवावी लागते.