योसेमिटीच्या रानात मुक्काम: परमिटचा अर्ज आणि अस्वलरोधक डब्याची अट

कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात पाठीवर बिऱ्हाड घेऊन रानात मुक्काम करायचा असेल, तर दोन गोष्टी सक्तीच्या आहेत: वाइल्डरनेस परमिट आणि अस्वलाला न उघडता येणारा डबा, ज्याला तिथे सगळेच बेअर कॅनिस्टर म्हणतात. परमिट कसे मिळवायचे याची चर्चा बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या, मराठी मंडळींत पुष्कळ होते. डब्याचा विचार मात्र बरेच जण निघायच्या आदल्या रात्री करतात. म्हणून अर्जाची पद्धत सांगून झाल्यावर डब्याविषयी मी अधिक सविस्तर लिहिले आहे, कारण तिथे झालेली चूक अस्वलाच्या जिवावर बेतू शकते.

परमिटसाठी नागरिकत्वाची किंवा रहिवासाची अट नाही. भारतातून आलेल्या पाहुण्यांनाही ते मिळते. फक्त दिवसभर फिरून परतणाऱ्यांना किंवा गाडीने पोहोचता येणाऱ्या कॅम्पग्राउंडवर राहणाऱ्यांना ते लागत नाही. पायवाटेने जाणाऱ्या गटात जास्तीत जास्त 15 जण आणि पायवाट सोडून जाणाऱ्या गटात 8 जण असू शकतात. पाळीव प्राणी रानात नेता येत नाहीत.

अर्ज रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर करायचा असतो. प्रत्येक ट्रेलहेडवरून, म्हणजे चालायला सुरुवात करण्याच्या ठिकाणावरून, रोज किती जणांना सोडायचे याचा कोटा ठरलेला असतो. त्यामुळे अर्जात तारखेइतकेच महत्त्व ट्रेलहेडला असते. हंगामातील कोट्यापैकी 60 टक्के जागा 24 आठवडे आधी साप्ताहिक सोडतीने दिल्या जातात आणि उरलेल्या 40 टक्के जागा प्रवासाच्या 7 दिवस आधी पॅसिफिक वेळेनुसार सकाळी 7 वाजता खुल्या होतात. भारतातून अर्ज करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की उन्हाळ्यात ही वेळ संध्याकाळी साडेसातची पडते. सोडतीसाठी रविवार ते शनिवार अर्ज घेतले जातात, सोमवारी निकाल कळतो आणि परमिट मिळाले असेल तर ते त्याच आठवड्यात स्वीकारावे लागते. अर्जाचे 10 डॉलर परत मिळत नाहीत, शिवाय माणशी 5 डॉलर द्यावे लागतात. उद्यानाचे प्रवेशशुल्क यात धरलेले नाही.

अर्जासोबत कागदपत्रे जोडावी लागत नाहीत. गटप्रमुखाचे नाव, माणसांची संख्या, ट्रेलहेड, पहिला मुक्काम आणि बाहेर पडण्याची तारीख एवढी माहिती पुरते. प्रत्यक्ष परमिट मात्र वाइल्डरनेस सेंटरवर, म्हणजे उद्यानाच्या परमिट देणाऱ्या कार्यालयात, स्वतः जाऊन, निघायच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी घ्यावे लागते, आणि तेव्हा छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागते. पाहुण्यांचा पासपोर्ट चालतो. अर्जात पर्यायी गटप्रमुखाचे नाव जरूर लिहावे, म्हणजे ऐन वेळी मुख्य व्यक्तीला येता आले नाही तरी बाकीच्यांचा बेत मोडत नाही.

तिथल्या खिडकीवरचा रेंजर, म्हणजे उद्यानाचा वनरक्षक, पहिल्यांदा विचारतो ते डब्याविषयीच. योसेमिटीच्या रानात सर्वत्र मान्यताप्राप्त कॅनिस्टर बाळगणे बंधनकारक आहे. झाडाला अन्न टांगून ठेवणे इथे नियमबाह्य आहे, आणि त्याला कारण आहे: इथल्या अस्वलांनी दोर चावून तोडायला आणि बारीक फांदीवर पिल्लाला पाठवायला शिकून घेतले. कापडी अस्वलरोधक पिशव्याही चालत नाहीत. कडक कवचाचा, गोल अंगाचा, अस्वलाच्या जबड्यात न मावणारा डबाच लागतो. तो विकत न घेता उद्यानात अनामत ठेवून भाड्याने घेता येतो.

आता त्यात काय ठेवायचे ते पाहू. नियमाच्या भाषेत अन्न म्हणजे वास येणारी प्रत्येक वस्तू: टूथपेस्ट, सनस्क्रीन, साबण, लिप बाम, औषधी मलम, ओले टिश्यू आणि दिवसभराचा कचरासुद्धा. बीव्ही 500 नावाचा मोठा कॅनिस्टर साडेअकरा लिटरचा असतो आणि पहिल्या रात्रीपासून सगळे त्यात मावले पाहिजे. आम्ही दोघांचे चार दिवसांचे सामान जमिनीवर मांडून भरायला घेतले, तेव्हा चकल्यांनी अर्धा डबा अडवला, कारण त्यांच्यात पोकळीच फार. त्या काढल्या आणि त्या जागी भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी, भाजलेला रवा आणि चिक्की पिशव्यांतील हवा दाबून काढून भरली, तेव्हा झाकण बसले. टूथपेस्टची नळी मात्र बाहेर राहिली होती. ती आत घालायला चिक्कीची एक पुडी काढावी लागली. ही रंगीत तालीम अर्ज करण्याआधी घरी करावी, असे मी आग्रहाने सांगेन, कारण एका डब्यात किती दिवसांचे मावते हे कळले की किती रात्रींचा बेत करायचा आणि किती डबे न्यायचे हे आपोआप ठरते.

रात्री डबा झाकण घट्ट लावून तंबूपासून दूर, सपाट जमिनीवर ठेवावा. कड्याच्या किंवा ओढ्याच्या कडेला ठेवू नये, कारण अस्वल तो लोळवत नेते. त्याला दोरी किंवा पिशवी बांधू नये, नाहीतर पकड मिळून अस्वल तो उचलून नेते. दिवसाही अन्न हाताच्या अंतरावर नसेल तेव्हा डबा बंदच हवा.

ट्रेलहेडवर उभ्या केलेल्या गाडीत अंधार पडल्यावर अन्न किंवा सुगंधी वस्तू ठेवता येत नाहीत. तिथल्या लोखंडी लॉकरमध्ये ठेवाव्या लागतात. मुलांच्या कारसीटखाली पडलेली बिस्किटेही आधी वेचून काढावीत. 1998 साली योसेमिटीत अस्वलांच्या सुमारे 1,600 घटना नोंदल्या गेल्या आणि मोटारींची तोडफोड मोठ्या प्रमाणावर झाली. लॉकर, कॅनिस्टर आणि कडक अंमलबजावणी यांमुळे ही संख्या पुढे कमालीची घटली. नियम मोडल्यास 5,000 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

दंडापेक्षा मला अस्वलाची काळजी अधिक वाटते. उद्यानात 300 ते 500 ब्लॅक बेअर असल्याचा अंदाज आहे. नाव काळे असले तरी बहुतेकांचा रंग तपकिरी असतो. माणसाच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल धीट होत जाते, मादी तीच सवय पिल्लांना लावते, आणि ते धोकादायक ठरले की उद्यानाला नाइलाजाने त्याला मारावे लागते. आपण तंबूत विसरलेल्या एका पुडीपासून ही साखळी सुरू होऊ शकते.

यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात बेअर स्प्रे जवळ बाळगायला सांगतात, पण तिथे जाऊन आलेल्यांनी लक्षात ठेवावे की अस्वलावर फवारायचा बेअर स्प्रे योसेमिटीत नेण्यास मनाई आहे. अस्वल दिसल्यास किमान 50 यार्ड अंतर राखावे आणि ते मुक्कामाजवळ आल्यास सगळ्यांनी मिळून मोठ्याने ओरडून त्याला हाकलावे. त्याने अन्न पळवलेच, तर ते परत मिळवायच्या फंदात पडू नये. ते निघून गेल्यावर सांडलेले, फाटलेले सगळे गोळा करून कचऱ्यासह बरोबर न्यावे आणि बाहेर पडताच रेंजरला घडला प्रकार सांगावा, म्हणजे त्या वाटेने येणाऱ्या पुढच्या गटाला सावध करता येते.